मामाच्या गच्चीवर मॉक्सन: सोलापूर, दहा मीटर बँड, चार दिवस

फेब्रुवारीच्या शेवटी चार दिवस सोलापूरला मामाकडे जाऊन आलो आणि सोबत हॅम रेडिओच्या, म्हणजे हौशी बिनतारी रेडिओच्या, दहा मीटर बँडचा (२८ मेगाहर्ट्झच्या आसपासचा) मॉक्सन अँटेना घेऊन गेलो होतो. आल्यापासून तिघाचौघांनी विचारलं की एवढ्याशा गच्चीवर बीम (एका दिशेला रोख धरणारा अँटेना) बसवला कसा, म्हणून सगळं एकदाच लिहून टाकतो. लांबण लागणार आहे, चहा घेऊन बसा.

पुण्यात माझा फ्लॅट, सोसायटीच्या टेरेसला कुलूप, त्यामुळे बाल्कनीत एक मॅग्नेटिक लूप (छोटा गोल अँटेना) लटकवून दिवस काढतोय. मामाचं घर सोलापूरच्या पूर्व भागात, दोन मजली, वर गच्ची साधारण १६ बाय २२ फूट. ऐकायला बरी वाटते, पण सोलापुरात पाणी रोज येत नाही त्यामुळे त्यात दोन मोठ्या टाक्या, एक सोलर, कपड्यांच्या तीन दोऱ्या आणि मामीच्या कुंड्या. मोकळा म्हणावा असा कोपरा आठ बाय दहाचा. आजूबाजूला घराला घर चिकटलेलं, म्हणजे डायपोल (सरळ तारेचा साधा अँटेना) आडवा ताणायचा तर दोन टोकं दोन वेगवेगळ्या शेजाऱ्यांच्या गच्चीवर जाणार, आणि त्या दोघांचं आपसात बोलणं नाही.

मॉक्सन म्हणजे काय ते ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. यागी म्हणजे पूर्वी टीव्हीसाठी गच्चीवर असायचा तसला दांड्यांचा अँटेना. दोन एलिमेंटच्या (दांड्यांच्या) यागीची दोन्ही टोकं आत वळवून एकमेकांसमोर आणायची, मधे थोडीशी फट ठेवायची, वरून बघितलं तर लांबट चौकोन दिसतो. इंग्लंडचे लेस मॉक्सन, कॉलसाईन (रेडिओवरचं ओळखनाव) जी६एक्सएन, यांच्या नावावरून नाव पडलं. त्यांनी व्हीके२एबीक्यू नावाने ओळखल्या जाणाऱ्या चौकोनी अँटेनात सुधारणा करून हा बनवला आणि पुढे अमेरिकेतल्या एल. बी. सेबिक यांनी कॉम्प्युटर मॉडेल करून मापं काढली, आपण आज जी मापं वापरतो ती त्याच वाटेनं आलेली. फायदा असा की २८.५ मेगाहर्ट्झला यागीचा रिफ्लेक्टर (मागचा एलिमेंट) सव्वापाच मीटर लागतो तिथे मॉक्सनची रुंदी ३.८३ मीटर आणि खोली १.४० मीटर, बस. फीडला (केबल जोडायच्या जागी) सरळ केबलइतकाच ५० ओहम मिळतो, मॅचिंगची (ओहम जुळवायची) भानगड नाही. गेन (पुढच्या दिशेला मिळणारा जोर) यागीपेक्षा किंचित कमी, पण मागची बाजू जी बंद होते, म्हणजे मागून येणारं जे दबतं, ते जबरदस्त. माझ्या मते छोट्या जागेत मॉक्सन लावायचं खरं कारण हा मागचा भागच आहे, गेन वगैरे नंतर. ते पुढे येईलच.

एक काम जायच्या आधीचं. हॅमच्या लायसन्सवर पत्ता पुण्याचा आहे, दुसऱ्या ठिकाणाहून ट्रान्समिट करायचं तर परवानगीचं काय ते आधी बघून उरकून घ्या, कागद सोबत ठेवा. मी ते केलं होतं म्हणून निवांत होतो.

संध्याकाळची हुतात्मा एक्सप्रेस पकडली. रेडिओ, नॅनो व्हीएनए (अँटेना कुठल्या फ्रिक्वेन्सीला जुळलाय ते दाखवणारं छोटं यंत्र), वीस अँपिअर-अवरची लिथियम बॅटरी, पंधरा मीटर आरजी ५८ कोॲक्स केबल, वायरचं बंडल, आणि एक फूट बाय एक फूट प्लायचा तुकडा ज्यावर चार बांबू बसतील असे यू क्लँप आधीच ठोकून घेतलेले. हा मधला हब तेवढा घरून करून न्या, ड्रिल मशीन प्रत्येक मामाकडे असतंच असं नाही. बांबू आणि पाईप मात्र न्यायचे नाहीत. सात फुटी बांबू घेऊन चेअर कारमधे कोण चढू देतंय. नुसती वायर आणि बॅटरी बघूनच शेजारचे काका दौंडपर्यंत माझ्याकडे संशयानं बघत होते, शेवटी मीच सांगितलं बिनतारी रेडिओ आहे, मग पुढे कुर्डुवाडीपर्यंत त्यांनी आकाशवाणीच्या आठवणी सांगितल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी बांबू शोधायला निघालो. आधी हार्डवेअरच्या दुकानात पीव्हीसी पाईप बघितले, एक इंची पाईप दोन मीटरला दोन टोकांनी धरला तर मधे केळीसारखा वाकतो, उन्हात तर विचारूच नका. मामा म्हणाला, "पाईपाचं काय घेऊन बसलास बे, मांडववाल्याकडं चल की." आणि खरंच तिथे सगळं मिळालं. अंगठ्याएवढे बारीक, वाळलेले, सात फुटी चार बांबू विकत आणि वीस फुटी सव्वा इंची जीआय पाईप चार दिवसांच्या भाड्यानं, वर नायलॉनची दोरी फुकट. बांबू वाळलेलाच घ्या, हिरवा घेतला तर जड आणि लवचिक, दुसऱ्या दिवशी चौकोनाचा पतंग होतो. सातच फूट का, तर हबच्या मध्यापासून चौकोनाच्या कोपऱ्यापर्यंत २.०४ मीटर येतं, सात फूट म्हणजे २.१३, गाठ मारायला बोटभर जागा उरते. हे आकडे कागदावर लिहून खिशात ठेवा.

अजून एक, पीएल २५९ कनेक्टर (केबल रेडिओला जोडायचा) दोन जास्तीचे न्या. माझ्या केबलचा एक कनेक्टर बॅगेत दबून तुटला होता आणि अर्धी नवी पेठ पालथी घातली तरी मिळाला नाही. सगळे टीव्हीच्या केबलचा कनेक्टर दाखवतात आणि "हेच बसतंय की ओ" म्हणतात. शेवटी केबलचं ते टोक सोलून सरळ अँटेनाच्या फीडपॉईंटला डाखलं.

आता गोंधळ. मी मापं काढली होती उघड्या दोन एमएम तांब्याच्या वायरीसाठी: रुंदी ३.८३, पुढच्या एलिमेंटची वळलेली टोकं ५५ सेंटिमीटर, रिफ्लेक्टरची ७१, मधली फट १४. आणि बॅगेत आणली होती घरगुती वायरिंगची पीव्हीसी कोटिंगवाली वायर, कारण ती घरात पडून होती. दोन तास बसून चारही कोपरे बांधले, फीडपॉईंटपाशी कोॲक्सची सहा वेटोळी घालून चोक (केबलच्या बाहेरून परत येणारा करंट अडवायला) केला, हौसेनं व्हीएनए जोडला तर डिप, म्हणजे अँटेना जुळल्याची खूण, २७.६५ ला! २८.५ ला एसडब्ल्यूआर (किती शक्ती परत फिरते त्याचं माप, १ म्हणजे उत्तम) पावणेतीन. आधी वाटलं टाकीचा परिणाम, मग वाटलं गच्चीच्या सळयांचा, अँटेना उचलून या टोकाला त्या टोकाला नेला, मामी खालून ओरडली "काय करलालाव रे वरती, प्लास्टर पडलालंय", तरी डिप जागचा हलेना. अर्ध्या तासानं डोक्यात प्रकाश पडला की कोटिंग असलं की वायर विजेच्या दृष्टीनं लांब होते, तीन टक्क्यांच्या आसपास, आणि २८.५ चे तीन टक्के कमी केले की बरोब्बर २७.६५ येतात. म्हणजे अँटेना चोख होता, फक्त चुकीच्या फ्रिक्वेन्सीला चोख.

उपाय सोपा निघाला. सगळा चौकोन तीन टक्क्यांनी लहान करायचा, फट मात्र १४ च ठेवायची. रुंदी ३.७१ केली, टोकं ५३ आणि ६९, आणि प्रत्येक बांबूवरची गाठ साडेसहा सेंटिमीटर आत सरकवली. एसडब्ल्यूआर १.२, खाली २८.०७४ ला एफटी८ साठी (कॉम्प्युटरनं छोटे संदेश पाठवायची पद्धत) १.४. दुपारचे दोन वाजले होते, ऊन असं की पक्कड हातात धरवेना. कोटिंगवाली वायर वापरणार असाल तर पहिल्यापासूनच ही लहान मापं घ्या. फट जपायला मी पीव्हीसी केसिंगच्या पट्टीचे दोन तुकडे वापरले, दोन भोकं १४ सेंटिमीटरवर, त्यातून वायरीची टोकं ओढून गाठ. ही टोकं बांबूला टेकवू नका, तिथे व्होल्टेज सगळ्यात जास्त असतं आणि पहाटे दव पडलं की ओला बांबू ट्यूनिंग हलवतो. ट्रान्समिट चालू असताना हात तर अजिबात लावू नका.

पाईप टाकीच्या सिमेंटच्या ओट्याला खेटून उभा केला, खाली लाकडी फळीत खड्डा करून त्यात बसवला म्हणजे फिरतो, आणि मधे दोन ठिकाणी सैल दोरीचे फास. वर सहा मीटर, म्हणजे जमिनीपासून बारा-तेरा मीटर, दहा मीटर बँडला एवढी उंची चैन आहे. फिरताना चार मीटर व्यासाचं वर्तुळ लागतं पण ते हवेत, टाकीच्या वरून, त्यामुळे खालचा पसारा आड येत नाही. फक्त पाईप शेजाऱ्याच्या हद्दीपासून दोन मीटर आत हवा. आणि विजेच्या तारा! पूर्व भागात गल्लीतल्या तारा गच्चीच्या हाताच्या अंतरावरून जातात, पाईप कुठल्याही बाजूला आडवा पडला तरी तारेपर्यंत पोचणार नाही अशीच जागा निवडा, नसेल तर पाईप छोटा करा. मी वीस फुटी पाईप आडवा ठेवून चारी बाजूंना मोजून बघितलं, मामा हसला, हसू दे. उभा करताना तीन माणसं लागतात, दोघांत करायला जाऊ नका.

रोटेटर (अँटेना फिरवायची मोटर) नाही, पाईपला आडवी काठी बांधून हातानं फिरवायचा. दिशेसाठी होकायंत्राचं ॲप होतं पण मामानं त्याची गरजच ठेवली नाही. सोलापूरहून लंडन ३१९ अंशावर येतं, टोकियो ५८ वर, सिडनी १२७ वर. मी मोठ्यानं आकडे वाचत होतो, मामाची हयात एसटीत गेलेली, त्यानं विचार करून सांगितलं, "म्हंजे विलायत मोहोळ आन बार्शीच्या मधी, जपान नळदुर्गाच्या अंगाला, आन ऑस्ट्रेलिया अक्कलकोटच्या थोडं खाली." नकाशावर नंतर तपासलं, माणूस बरोबर. मॉक्सनचा पुढचा झोत बराच रुंद असतो, पंधरा-वीस अंश इकडेतिकडे झालं तरी फरक पडत नाही, त्यामुळे नळदुर्ग म्हणजे नळदुर्गच. पुढचे तीन दिवस मी वरून ओरडायचो "बार्शी!" आणि मामा काठी फिरवायचा.

आता त्या मागच्या भागाचं. गच्चीच्या आग्नेयेला, चार घरं सोडून, यंत्रमागाची शेड आहे. मागाचा खटखटाट कानाला असतोच, सवय होते, पण रेडिओत त्याहून वाईट, सगळ्या बँडवर एस ७ ची घरघर (एस म्हणजे रेडिओच्या मीटरवरची जोराची पातळी). शेडमधल्या मोटरी की एलईडीचे ड्रायव्हर की काय ते कळलं नाही, पण दुपारी जेवणाची सुट्टी झाली की घरघर बंद, माग सुरू झाले की परत, म्हणजे चोर तिथलाच. बीम युरोपकडे म्हणजे वायव्येला फिरवला की शेड बरोब्बर पाठीमागे येते आणि नॉईज एस ७ वरून एस ३ ला उतरतो. कान उघडल्यासारखं होतं हो. पहिल्या दिवशी शेजारी कपड्याच्या दोरीला एक साधा उभा वायरचा अँटेना पण लावून बघितला, त्यावर जे स्टेशन घरघरीत दिसतसुद्धा नव्हतं ते मॉक्सनवर नावगावासकट ऐकू आलं. नुसत्या गेनच्या जोरावर हे झालं नसतं. उलट ऑस्ट्रेलियाकडे वळवला की शेड समोर, मग जेवणाच्या सुट्टीची वाट बघा. म्हणून जागा बघायला जाल तेव्हा आधी छोटा रेडिओ घेऊन नॉईज कुठून येतोय ते ऐका, आणि तुम्हाला ज्या दिशेला बोलायचंय तिच्या उलट बाजूला तो येत असेल तर मॉक्सन डोळे झाकून लावा.

बँडचा अनुभव असा की सकाळी आठ ते दहा जपान भरभरून, चाळीस वॅटवर, कारण बॅटरी वाचवायची होती. दुपारी अडीच-तीननंतर युरोप सुरू व्हायचा, इटली, जर्मनी, पोलंड, संध्याकाळी साडेसहाला इंग्लंड, आठच्या सुमारास सगळं शांत. सौरचक्र (सूर्यावरच्या डागांचं) जोरात होतं त्याचा हा प्रसाद, शांत वर्षांत दहा मीटरवर एवढी चैन नसते. एका जर्मन स्टेशनला विनंती करून बीम मुद्दाम उलटा फिरवला, समोरून ५९ (पहिला आकडा स्पष्टपणाचा, दुसरा जोराचा) देत होता तो पाठ फिरवल्यावर ५५ वर आला, आणि काटकोनात त्याच्या मधे कुठेतरी. तिसऱ्या दिवशी जिन्यातला एलईडी बल्ब माझ्या बोलण्याबरोबर लुकलुकायला लागला, बघितलं तर चोकची वेटोळी सुटली होती, परत आवळून टेपनं बांधल्यावर थांबला.

शेजारच्या गच्चीवरच्या आजींनी पहिल्याच दिवशी विचारलं, मोबाईलचा टॉवर बसवताय का, आमच्या नातवाला त्रास होईल. त्यांना वर बोलावलं, हेडफोन कानाला लावून दिला, जपानी माणूस बोलत होता. त्या पाच मिनिटं ऐकत बसल्या आणि मग म्हणाल्या, ह्याचं जेवण झालंय का विचार. दुसऱ्या दिवशी त्यांच्याकडून शेंगाची चटणी आणि कडक भाकरी आली. तेव्हा शेजाऱ्यांना आधी ऐकवा, समजावायच्या भानगडीत पडू नका. आणि घरातल्यांना पाईपाला चार बाजूंनी बांधलेल्या ताणाच्या दोऱ्या दाखवून ठेवा, कारण शनिवारी सकाळी वर गेलो तर मामीनं डबल बेडची ओली चादर अँटेनाच्या ताणावर वाळत घातली होती, पाईप तिरका, बीम आपोआप पंढरपूरकडे. सोलापुरी चादर ओली झाली की किती जड होते हे तुम्हाला माहीतच असेल. दोऱ्यांना लाल चिंध्या बांधल्या, मग झालं नाही तसं. वारा संध्याकाळी सुटायचा पण चार दोऱ्या चार दिशांना असल्यावर काही हललं नाही. एप्रिल-मेमधे जाणार असाल तर वळवाच्या पावसाचा भरवसा नाही, ढग दिसले की केबल काढा आणि पाईप आडवा करा.

रविवारी दुपारी सगळं उतरवायला पाऊण तास लागला. वायर गुंडाळताना प्रत्येक कोपऱ्याच्या जागी टेप लावून ठेवली म्हणजे पुढच्या वेळी मोजायला नको, पाईप मांडववाल्याला परत, हब बॅगेत. बांबू मामाकडेच ठेवून आलो, माळ्यावर, "जपून ठेव" असं सांगून. काल फोन आला होता, दोन बांबूंवर मच्छरदाणी चढलीय आणि तिसऱ्यानं मामा शेवग्याच्या शेंगा पाडतोय.