बरं असतानाच लिहून ठेवायचा कागद

मानसिक आजाराची भरती बहुतेक वेळा घाईत होते. माणूस चार रात्री झोपलेला नसतो, घरच्यांचं समजावून झालेलं असतं, शेजारी जिन्यात जमलेले असतात आणि रिक्षात बसवताना कोणीतरी म्हणतं, "नुसतं दाखवून येऊ." त्या रात्री कोणाला कायदा आठवत नाही. पण पुढचे तीस दिवस वॉर्डात कसे जातील, सही कोणाची चालेल, फोन हातात राहील की नाही, हे कायद्यावरच ठरतं. आणि कायद्याचा बराचसा उपयोग त्या रात्रीच्या कितीतरी आधी, आजार शांत असताना करून घ्यायचा असतो. लोकांना हेच माहीत नसतं, म्हणून हे सविस्तर लिहितो आहे.

मानसिक आरोग्य सेवा अधिनियम 2017 मध्ये मंजूर झाला आणि 2018 मध्ये अमलात आला. त्याआधी 1987 चा कायदा होता. इच्छेविरुद्ध भरती करायची तर त्यात मॅजिस्ट्रेटच्या आदेशाची मोठी वाट होती आणि एकदा आत गेलेल्या माणसाला स्वतःचं म्हणणं असतं, हे गृहीतच नव्हतं. नवा कायदा एकच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारायला लावतो: या माणसाला आत्ता, या उपचाराबद्दल निर्णय घेता येतोय का? सांगितलेलं समजतंय का, हो किंवा नाही म्हटल्यावर काय होईल हे उमगतंय का, आणि ठरवलेलं बोलून, खुणेनं, कसंही सांगता येतंय का. घेतलेला निर्णय इतरांना चुकीचा वाटतो, एवढ्यावरून माणसाला निर्णयक्षमता नाही असं ठरवता येत नाही. निदान झालं म्हणजे अक्कल गेली, हा आपल्याकडचा जुना हिशेब कायद्यानं मोडला आहे.

आता कागदाकडे येऊ. दोन कागद असतात आणि ते एकत्र केलेले बरे.

पहिला नामनिर्देशित प्रतिनिधीचा. निर्णय घेणं अवघड होईल तेव्हा माझ्या बाजूनं कोण उभं राहील, ते यात लिहायचं. साधा कोरा कागद चालतो, त्यावर सही किंवा अंगठा. नेमलेली व्यक्ती सज्ञान हवी आणि तिची लेखी संमती हवी. ती नातेवाईकच असली पाहिजे असं मुळीच नाही. मैत्रीण चालेल, शेजारचे काका चालतील. हा कागद नसेल तर कायदा आपणहून क्रम लावतो: आधी नातेवाईक, मग सांभाळ करणारी व्यक्ती, मग मानसिक आरोग्य पुनरावलोकन मंडळानं (या कायद्याखालचे अर्ज आणि तक्रारी ऐकणारं मंडळ) नेमलेली. "नातेवाईक" या शब्दात रक्ताचं, लग्नाचं, दत्तकाचं असं सगळं नातं येतं आणि घोळ इथेच होतो. नवरा-बायकोत वाद चालू आहे, बाई माहेरी निघाली होती, आणि तिला रुग्णालयात आणून अर्जावर सही करणारा नवराच आहे, अशी परिस्थिती येते. तिनं आधीच बहिणीचं नाव लिहून ठेवलेलं असेल, तर अर्ज करण्याचा अधिकार बहिणीचा. एका पानाचा फरक आहे, पण तो फार मोठा आहे.

दुसरा कागद पूर्वनिर्देशाचा. माझ्यावर कसे उपचार व्हावेत आणि कसे होऊ नयेत, हे यात लिहायचं. अठरा पूर्ण झालेली कोणतीही व्यक्ती तो करू शकते. आधी आजार झालेला असो वा नसो. नियमांसोबत त्याचा नमुना दिलेला आहे. मोघम लिहिलं की त्याचा उपयोग होत नाही. "मला जड औषधं देऊ नका" या वाक्याचं डॉक्टरांनी करायचं काय? त्याऐवजी समजा असं लिहिलं:

"हॅलोपेरिडॉलच्या इंजेक्शननंतर माझी मान वाकडी होऊन जबडा धरला होता, ते टाळावं. ओलान्झपीननं झोप येते, पण चार महिन्यांत नऊ किलो वजन वाढलं, म्हणून आधी दुसरा पर्याय पाहावा. लिथियमवर असताना मी कामावर जात होते; तेव्हा रक्तातली पातळी 0.8 होती. सल्फाची ॲलर्जी आहे. ऑफिसला आजाराचं नाव कळवू नये. मुलीला शाळेतून माझी आई आणेल."

हे वाचलं की रात्रपाळीच्या डॉक्टरांना पहिल्या तासातच दिशा मिळते. शेवटची दोन वाक्यं औषधांची नाहीत, पण ती मुळीच गाळू नका. भरती झालेल्या आईच्या डोक्यात गोळ्यांच्या आधी शाळा सुटायची वेळ असते.

या कागदाच्या मर्यादाही माहीत हव्यात. जिवाला धोका असतानाच्या तातडीच्या उपचारांना, म्हणजे एरवी 72 तासांपर्यंत, पूर्वनिर्देश लागू होत नाही. मात्र शॉक ट्रीटमेंट "तातडी" म्हणून देता येत नाही, आणि भूल व स्नायू शिथिल करणारं औषध दिल्याशिवाय तर ती कधीच देता येत नाही. डॉक्टरांना किंवा नातेवाइकांना पूर्वनिर्देश पटत नसेल, तर तो बाजूला ठेवून चालत नाही. मानसिक आरोग्य पुनरावलोकन मंडळाकडे अर्ज करावा लागतो. आणि सगळ्यात जास्त वेळा चुकणारी गोष्ट म्हणजे कागद कपाटात राहतो. तो डॉक्टरांच्या हातात पोचवण्याची जबाबदारी लिहिणाऱ्याची आणि प्रतिनिधीची आहे. प्रत मिळालीच नाही, तर डॉक्टरांना दोष देता येत नाही. म्हणून एक प्रत मंडळाकडे, एक केसपेपरच्या फाइलमध्ये सगळ्यात वर, एक प्रतिनिधीकडे, आणि प्रतिनिधीच्या फोनमध्ये फोटो.

आता भरतीबद्दल. स्वतःहून भरती झालेला माणूस स्वतःहून घरी जाऊ शकतो. फार तर 24 तास त्याला तपासणीसाठी थांबवता येतं. निर्णय घेता येत नसेल तर प्रतिनिधीच्या अर्जावर आधारासहित भरती होते. त्यासाठी दोन तज्ज्ञांनी स्वतंत्रपणे तपासावं लागतं आणि त्यात एक तरी मनोविकारतज्ज्ञ हवा. कारणंही ठरलेली आहेत: स्वतःला इजा, दुसऱ्याला इजा, किंवा स्वतःची काळजी घेता न येण्याइतकी अवस्था. "ऐकत नाही", "लग्नाला नाही म्हणते", "पैसे उडवतो" ही कारणं नव्हेत. मुदत 30 दिवस. बाई किंवा अल्पवयीन असेल तर तीन दिवसांत, इतरांच्या बाबतीत सात दिवसांत मंडळाला कळवावं लागतं. उपचारांची संमती प्रतिनिधी देत असेल, तर निर्णयक्षमता परत आली का, हे दर सात दिवसांनी पाहायचं असतं. भरती चुकीची वाटली तर रुग्णाला स्वतः मंडळाकडे दाद मागता येते. त्यासाठी वकील मोफत मिळतो. विधी सेवेचा नंबर 15100.

साखळीनं बांधायला पूर्ण बंदी आहे. ही बंदी कुठून आली तेही सांगायला हवं. 6 ऑगस्ट 2001 ला तमिळनाडूतल्या एरवाडीत दर्ग्याजवळच्या एका आश्रमाला आग लागली. रुग्ण साखळ्यांनी बांधलेले होते. 28 जण गेले. पळता आलं असतं तर वाचले असते अशी माणसं होती ती. आज दुसरा कोणताच मार्ग नसेल तेव्हा, मनोविकारतज्ज्ञांच्या परवानगीनं, अगदी गरजेपुरतंच शारीरिक बंधन घालता येतं. शिक्षा म्हणून नाही आणि वॉर्डात माणसं कमी आहेत म्हणूनही नाही. प्रतिनिधीला 24 तासांत कळवणं बंधनकारक आहे. भेटीला गेलात तर मनगटाकडे जरूर लक्ष द्या आणि वळ दिसले तर नोंद दाखवा म्हणा.

कायदा जिथे सर्रास तुडवला जातो ती जागा म्हणजे व्यसनमुक्ती केंद्रं. दारू आणि अमली पदार्थांमुळे होणारे मानसिक त्रास या कायद्याच्या व्याख्येत येतात. म्हणजे अशा रुग्णांना ठेवून उपचार करणाऱ्या केंद्राला नोंदणी लागते. तरी "गाडी पाठवतो, चार पोरं येतात, उचलून नेतो, तीन महिने भेट नाही" असा सौदा फोनवर ठरतो. कंटाळलेल्या बायकोची, थकलेल्या आईची अवस्था समजते, तिच्यावर राग नाही. पण असा उचलून नेलेला माणूस सुटल्यावर सगळ्यात आधी घरच्यांवरचा विश्वास सोडतो आणि पुढच्या वेळी मदतीला दारही उघडत नाही. केंद्र निवडताना तीनच प्रश्न विचारा: नोंदणी प्रमाणपत्र कुठे लावलंय, मनोविकारतज्ज्ञ कोणत्या दिवशी येतात, आणि रुग्णाला घरी फोन करता येतो का. तिसऱ्या प्रश्नाला "नियमात बसत नाही" असं उत्तर आलं तर तिथून निघा. फोन हा रुग्णाचा हक्क आहे.

आत्महत्येच्या प्रयत्नाबद्दलची भीती अजून खेड्यापाड्यांत जुनीच आहे. "पोलीस केस होईल" म्हणून घरचे कॅज्युअल्टीत "चुकून पोटात गेलं" सांगतात, काय गेलं तेही लपवतात, आणि डॉक्टरांचा मोलाचा वेळ वाया जातो. मानसिक आरोग्य कायद्याचं कलम 115 सांगतं की असा माणूस तीव्र ताणाखाली होता असंच धरायचं आणि त्याला शिक्षा करायची नाही. उलट त्याची काळजी घेणं, पुनर्वसन करणं हे सरकारचं कर्तव्य. 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहिता आली आणि जुन्या दंड संहितेतलं, आत्महत्येचा प्रयत्न गुन्हा ठरवणारं 309 कलमच गेलं. आता फक्त सरकारी अधिकाऱ्यावर दबाव आणण्यासाठी केलेला प्रयत्न तेवढा गुन्हा आहे. रुग्णालयात पोलीस नोंद अजूनही होते, जबाब घेतला जातो. पण जबाब म्हणजे खटला नव्हे. डॉक्टरांना खरं सांगा, लगेच सांगा. मन फार खचलं असेल तर टेलीमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा नंबर दिवसरात्र चालू असतो, मराठीतही बोलता येतं.

विम्याचं थोडक्यात: शारीरिक आजारासारखाच मानसिक आजारालाही विमा द्यावा, हे कायद्यातच आहे. दावा नाकारला तर कंपनीच्या तक्रार विभागाला लेखी द्या, महिनाभर थांबा, मग विमा लोकपालाकडे जा. तिथे फी नाही.

राहिला तो कायद्याचा सगळ्यात दुबळा भाग, म्हणजे घरी परतणं. येरवडा, ठाणे, नागपूर, रत्नागिरी ही आपली चार प्रादेशिक मनोरुग्णालयं. नुसत्या येरवड्याची क्षमता 2540 खाटांची. यातल्या काही खाटांवर बरी झालेली माणसं राहतात, कारण घरचा पत्ता बदललाय, भावानं फोन घेणं थांबवलंय, किंवा खोली विकली गेलीय. घर नाही, घरचे नेत नाहीत, एवढ्या कारणावरून कोणाला रुग्णालयात ठेवता येणार नाही, असं कलम 19 म्हणतं. मग ठेवायचं कुठे? अर्ध्या वाटेवरची घरं (रुग्णालयातून निघाल्यावर काही काळ राहायची सोय), आधार देणाऱ्या वसाहती सरकारनं उभारायच्या होत्या. त्या पुरेशा झाल्या नाहीत आणि महाराष्ट्रात बऱ्या झालेल्यांना वृद्धाश्रमात, भिक्षेकरी गृहात हलवण्यापर्यंत गोष्ट गेली. जुलै 2021 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ते थांबवायला सांगितलं. बऱ्या झालेल्या माणसाला भिकाऱ्यांच्या यादीत घालणं हा उपचार नव्हे, पुनर्वसन तर नव्हेच.

म्हणून डिस्चार्जची तयारी भरतीच्या पहिल्या आठवड्यातच सुरू करावी. डिस्चार्जच्या आधी रुग्ण, प्रतिनिधी आणि पुढे उपचार करणारे डॉक्टर यांच्याशी बोलून योजना ठरवणं हे रुग्णालयाचं काम आहे. ती लेखी मागा. त्यात चार गोष्टी असाव्यात: औषधं कुठून आणि किती दिवसांची, पुढची तारीख, झोप बिघडली तर पहिला फोन कोणाला, आणि राहायचं कुठे. चौथी ओळ कोरी दिसली, तर त्याच दिवशी समाजसेवा अधीक्षकांना गाठा.