कोर्ट उठेपर्यंत

दोन महिने झाले, फाईल बंद करून कपाटात टाकलीये, तरी दिवसातून एकदा तरी ती केस डोक्यात येतेच, म्हणून लिहून टाकतोय. ओळख लागू नये म्हणून इकडचं तिकडं केलंय थोडं.

सोलापुरात फौजदारी वकिली म्हणजे निम्मी चेक बाउन्स, उरलेल्यात मारामाऱ्या, जुगार आणि हातभट्टी. त्यामुळं नवी पेठेच्या बाजूचा एक मोबाईल ॲक्सेसरीजवाला २०२५ च्या जानेवारीत, गड्डा यात्रा चालू असताना, माझ्या ऑफिसात आला आणि एफआयआरची कॉपी टेबलावर उलटी ठेवली तेव्हा मला वाटलं कॉपीराइटचं काहीतरी असेल, डुप्लिकेट हेडफोन वगैरे. सुलटी केली तर भारतीय न्याय संहिता कलम २९४, म्हणजे आपलं जुनं भादंवि २९२, अश्लील वस्तूंची विक्री. २३ नग जप्त, त्याला आपण सगळे जे म्हणतो ते "ॲडल्ट टॉइज".

एक सांगतो, कारण वकील मित्रांनाही हे माहीत नसतं. आपल्याकडं "सेक्स टॉय विकू नये" असा कायदाच नाही. २९४ मध्ये पुस्तक, पत्रक, चित्र, आकृती अशी यादी आहे आणि शेवटी "इतर कोणतीही वस्तू", बास, त्या एका शब्दात सगळं कोंबायचं. शब्द जवळपास १९२५ च्या दुरुस्तीचेच, संहिता नवी झाली, पोटातलं जुनंच. घेणाऱ्यावर गुन्हा नाही, विकायला जवळ ठेवणाऱ्यावर आहे. पहिल्या वेळेला दोन वर्षांपर्यंत कैद आणि पाच हजारांपर्यंत दंड. जामीनपात्र आहे, त्यामुळं त्याला पोलिस स्टेशनलाच जामीन झाला होता, पण चेहरा असा की जणू खुनात आलाय.

माल मुंबईहून यायचा, सगळा चायनाचा, आयातीच्या कागदावर "मसाजर". इथून पुढं जायचा तो कसा हे ऐकून मी खुर्चीतच हललो. सहा टॉवेलांच्या गठ्ठ्यात मधोमध एक नग, वर लेबल "टॉवेल ६ नग", आणि ट्रॅव्हल्सच्या बसच्या डिकीत. सोलापुरातून टॉवेलाचा गठ्ठा निघाला तर कुत्रं तरी हुंगेल का? गिऱ्हाइकाला टॉवेल मिळायचे ते वेगळेच, त्याचे पैसे आधीच धरलेले. हे डोकं त्याचं नाही, बायकोचं. पॅकिंग ती करायची, आणि बायकांचे फोनही तीच घ्यायची.

आता पंचनामा. मी शेकड्यांनी पंचनामे वाचलेत पण असा नाही. "एक गुलाबी रंगाची, रबरासारख्या लवचिक पदार्थाची, लांबी अंदाजे ७ इंच, बटण दाबले असता थरथरणारी, अश्लील दिसणारी वस्तू, कि. अं. ५०० रु." असं एक ते तेवीस. अश्लील दिसणारी! अहो, ते ठरवायचं कोर्टानं, तुम्ही फक्त वर्णन लिहा. बरं, २३ पैकी १७ नग साधे मानेला-पाठीला लावायचे मसाजर, ऑनलाइन कुणीही मागवतो तसले. सहाच नग आकारानं बोलणारे. आणि या केसमध्ये खरं अडचणीचं काय असेल तर खोक्यांवरचे फोटो, ते मीही मान्य करतो, तर ती खोकी साहेबांनी जप्तच केली नाहीत, पोत्यात भरून दुकानात तशीच सोडून आले. पंच नेहमीचाच, स्टेशनसमोरचा चहावाला, त्यानं आयुष्यात इतके पंचनामे पाहिलेत की मला सेक्शन सांगेल.

त्यात नवीन कायद्यानं झडतीचं व्हिडिओ शूटिंग सक्तीचं केलंय, बीएनएसएस म्हणजे भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, कलम १०५. ते फुटेज मी चार वेळा पाहिलं. त्यात एक हवालदार विचारतो, "हे काय हाय बे?" आणि माझा अशील खाली मान घालून सांगतो ते काय आहे. म्हणजे ती वस्तू बघून कुणाच्या मनात काही विकार वगैरे आला नव्हता, नाव सांगितल्यावर आला. कायद्याची कसोटीच अशी आहे की वस्तू वाचणाऱ्या, पाहणाऱ्या, ऐकणाऱ्याचं मन बिघडवणारी पाहिजे, आणि इथं पाहणारा विचारतोय हे काय आहे! मी त्या रात्री घरी जाऊन झोपलो नाही इतका खुश होतो.

तयारी पण तशीच केली. २०१४ चा सुप्रीम कोर्टाचा अवीक सरकार निकाल, अश्लीलता आजच्या समाजाच्या नजरेनं बघायची म्हणणारा. आणि मुंबई हायकोर्टाचा मार्च २०२४ चा, कस्टम्सवाल्यांनी बॉडी मसाजर अडवले होते, का तर ते त्या कामासाठी वापरता येतील म्हणून, अश्लील वस्तूंच्या आयातबंदीच्या १९६४ च्या नोटिफिकेशनवर बोट ठेवून. हायकोर्ट म्हणालं ही आयुक्तांची कल्पनाशक्ती आहे. केस कस्टम्सची, फौजदारी नव्हे, ते मला कळतं, पण १७ नगांपुरतं पुरेसं होतं. वर मी स्वतः दुकानात जाऊन अगदी नग नंबर ९ सारखाच मसाजर आणला, ११०० रुपये, जीएसटीचं पक्कं बिल घेऊन. उलटतपासात पंचासमोर दोन्ही शेजारी ठेवणार होतो आणि विचारणार होतो, सांगा यातला अश्लील कुठला. बार रूममध्ये हे कुणाला सांगायची सोय नव्हती, कारण तिथं महिनाभर एकच विनोद चालला होता, "काय वकीलसाहेब, आज व्हायब्रेशनवर का?" शिकलेली माणसं, काळे कोट.

मग दोषारोपपत्र आलं आणि त्यात त्याच्या व्हॉट्सॲपचे प्रिंटआउट, ६४ पानं, गिऱ्हाइकांच्या नंबरांसकट. तपास अधिकाऱ्यानं विक्री सिद्ध करायला त्यातल्या दोन बायकांना साक्षीदार दाखवलेलं. त्याची गरज नव्हती, बनावट गिऱ्हाईक पाठवून छापा टाकलाच होता की. पण दाखवलं.

अशिलानं ते पान बघितलं आणि म्हणाला, "साहेब, मी कबूल होतो."

मी समजावलं. हसलो, चिडलो, निकाल दाखवले. तो म्हणाला, "त्या बायांनी माझ्यावर भरोसा ठेवून नंबर दिला. त्या पिंजऱ्यात उभ्या राहणार, अन् तुम्ही विचारणार काय घेतलं, कशाला घेतलं?" मी म्हणालो सरकारी वकील विचारतील. तो म्हणाला, "कोण का विचारंना."

दुसऱ्या दिवशी त्याची बायको एकटीच आली. तिचं म्हणणं उलटं. "केस लढा. शेजारच्या टपरीवर गुटखा मिळतोय, २०१२ पासनं बंदी हाय म्हणं, त्याला कोण विचारत न्हाई. आमच्या मालानं कुणाला कॅन्सर झाला का?" मग म्हणाली, त्या दोघींतल्या एकीशी तिचं बोलणं झालंय. ती बाई माहेरी आली की मागवायची, सासरी पार्सल नको म्हणून. ती कोर्टात यायला तयार आहे. म्हणाली, येते, सांगते मला अश्लील काय वाटलं नाही, माझ्या पैशानं घेतलं.

सरकारी पक्षाचीच साक्षीदार, आणि ती असं बोलणार. वकिलाला अशी संधी पाच-दहा वर्षात एकदा येते.

मी ते अशिलाला सांगितलं. एकदाच. तो नको म्हणाला, मी बरं म्हणालो. इथंच मी अडकतो. अशिलाची मर्जी, हे खरं, कबुली द्यायची का नाही ते तोच ठरवणार. पण चेक बाउन्सच्या केसमध्ये मी अशिलाला अर्धा तास घासतो, तडजोडीला तयार करतो, घरी फोन करतो. इथं एका वाक्यात सोडलं. भरल्या कोर्टात, वीस वकिलांसमोर, लाखेचं सील फोडून ते नग एकेक करून टेबलावर मांडायचे आणि त्यावर उलटतपास घ्यायचा, हे मलाच नको होतं का? त्या बाईला चालणार होतं. मला?

तारखेला न्यायाधीश मॅडमनी तपशील वाचून दाखवला, गुन्हा कबूल आहे का, कुणाच्या दबावाखाली बोलताय का, परिणाम माहीत आहेत का. तो प्रत्येकाला नीट उत्तर देत गेला. या कलमात कैद आणि दंड दोन्ही द्यावंच लागतं, म्हणून शिक्षा झाली कोर्ट उठेपर्यंत साधी कैद आणि तीन हजार दंड. बाहेरच्यांना हे खोटं वाटतं पण ही खरी शिक्षा आहे, कोर्टाचं कामकाज संपेपर्यंत तिथंच बसायचं, निघायचं नाही. मुद्देमाल अपिलाची मुदत संपल्यावर नष्ट करावा. १७ मसाजरसुद्धा.

सव्वाअकरा ते पावणेसहा तो मागच्या बाकावर बसला होता. मी मध्ये दोन जामीन केले, एक युक्तिवाद केला, येता-जाता तो दिसायचाच. शेजारी एक पेंगणारा पोलिस. व्हरांड्यात त्याची बायको डबा घेऊन बसलेली, कडक भाकरी आणि शेंगाचटणी, लंच ब्रेकला तिनं माझ्या ज्युनियरलाही वाढलं. मला म्हणाली, "तुम्ही पण खावा की, लाजुलालाव काय?" मी पित्त झालंय म्हणून सांगितलं.

संध्याकाळी कागद द्यायला दोघांना ऑफिसात आणलं. तो जिन्यातच थांबला, वर आला नाही. ती आली. टेबलावर तो मी आणलेला मसाजर तसाच पडला होता, बिलासकट. तिनं मसाजरकडं पाहिलंही नाही. बिल उचललं.

"साहेब, यावर ह्यांनी काय नाव घातलंय?"

"बॉडी मसाजर. जीएसटीचा कोड, एचएसएन ९०१९."

"पक्कं बिल हाय न्हवं?"

"पक्कं."

तिनं मोबाईल काढला, बिल टेबलावर सरळ केलं आणि फोटो काढला. मग ट्यूबलाइटची सावली पडत होती म्हणून जागा बदलून अजून एक काढला.