गुऱ्हाळाच्या आगीवर कादंबरी लिहिताना

करवीर तालुक्यातली गुऱ्हाळं एकापाठोपाठ पेटतात आणि छडा लावायला एक खाजगी गुप्तहेर येतो, एवढंच सुरुवातीला हातात होतं. गुऱ्हाळात चुलवाण धगधगतं, शेजारी वाळक्या चिपाडांचे ढीग. जिथं रोजच विस्तव असतो तिथं लागलेली आग कोणती आणि लावलेली कोणती, हे ओळखायचं कसं? मला कादंबरी या प्रश्नासाठीच लिहायची होती.

अग्निशमन दलातून निवृत्त झालेल्या एका काकांकडे जाऊन बसायला लागलो. तडकलेली काच म्हणजे रॉकेलचा पुरावा, असं रहस्यकथांत हमखास असतं. काका म्हणाले, "तापल्या काचंवर पाणी पडलं की ती तडकणारच की! आमच्याच पाण्यानं तडकल्याली असती." बंद खोलीत छताखालचा धूर साधारण ६०० अंशांवर गेला की आतलं सगळं एकदम पेट घेतं, आणि मग जमिनीवरचे डाग इंधन ओतल्यासारखेच दिसू शकतात. हे कळल्यावर एक आग मी उघड्या छपरीतून उचलून गुळाच्या बंद गोदामात नेली. तिथल्या डागांवरून पोलीस निरपराध गुळव्याला, म्हणजे गूळ शिजवणाऱ्या कारागिराला, उचलतात.

कोल्हापूरचं केशवराव भोसले नाट्यगृह ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री जळालं, ते दुःख अजून ओलं आहे. ती आग मी कथानकात वापरलेली नाही आणि वापरणारही नाही.

कायद्यानं मात्र बराच घाम काढला. खाजगी गुप्तहेरांसाठीचं विधेयक २००७ मध्ये राज्यसभेत मांडलं गेलं, पण त्याचा कायदा झाला नाही. म्हणजे माझ्या नायकाला घटनास्थळावरची चिमूटभर राखही हक्कानं उचलता येत नाही. पंचनामा पोलिसांचा, नमुनेही त्यांचे. आणि ते हवाबंद डब्यातच जायला हवेत, नाहीतर इंधनाची वाफ प्रयोगशाळेत पोचण्याआधीच उडून जाते. वकील मित्राला विचारून मी नायकाला विमा कंपनीच्या वतीनं आणलं. आता तो दाव्याचे कागद मागू शकतो, मालकाशी बोलू शकतो.

या अडचणीतूनच कादंबरीतला मला सगळ्यात आवडलेला धागा सापडला. गूळ जळताना आधी वितळतो, मग फुगून काळा, सच्छिद्र कोळसा होतो. दाव्यात गोदाम गुळाच्या रव्यांनी, म्हणजे ढेपांनी, भरलेलं दाखवलंय, आणि पंचनाम्याच्या फोटोंत पोत्यांची राख आहे, तो कोळसा कुठंच नाही. मग नायक मार्केट यार्डात अडत्यांकडे फिरून विक्रीच्या पावत्या, म्हणजे पट्ट्या, तपासतो. गूळ आगीच्या आधीच विकला गेलाय.

भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२६ मध्ये अशा आगीला जन्मठेपेपर्यंत शिक्षा आहे. पट्टीवरून विम्यातली लबाडी सिद्ध होते, पण काडी कोणी ओढली ते नाही. तो दुवा मी गुळव्याच्या तोंडी दिलाय. तुरुंगातून सुटून आल्यावर तो बोलायला तयार का होतो, ते प्रकरण सध्या लिहितोय.