आमची वाटचाल: आधी पत्रिका, मग गोष्टी

२०११ साली सदाशिव पेठेत दहा बाय बाराच्या खोलीत आमचा डीटीपीचा धंदा होता. लग्नपत्रिका, क्लासच्या नोट्स, हौशी कवींचे संग्रह. मुलांची पुस्तकं काढायची हौस आमच्या हिची. मुलगी तीन वर्षांची होती आणि अप्पा बळवंत चौकातून तिच्यासाठी काही आणावं, तर हाती बहुतेक शेवटी ‘तात्पर्य’ छापलेलंच यायचं.

पहिली गोष्ट भोरकडच्या जिल्हा परिषद शाळेतल्या एका बाईंची. मजकूर लावून झाल्यावर मी एका होतकरू चित्रकाराकडे गेलो आणि म्हणालो, ‘‘प्रत्येक पानावर एक चित्र टाका.’’ त्यानं टाकली. मजकुरात ‘आजीनं लाल लुगडं नेसलं होतं’, चित्रात लाल लुगडं नेसलेली आजी. एका जोडपानावर तर आजीचं तोंड नेमकं पिनेच्या घडीत गेलं. हजार प्रतींतल्या सहाशे बरीच वर्षं पलंगाखाली होत्या.

दुसऱ्या पुस्तकाची चित्रकार वेगळी निघाली. चित्रांऐवजी ती एकच कागद घेऊन आली, त्यावर चोवीस चौकटी, एका पानाला एक. (सेंटर पिनच्या, म्हणजे मधल्या घडीत पिना मारलेल्या पुस्तकाची पानं आम्ही आठाच्या पटीत धरतो; गोष्टीला तिथं मावावंच लागतं.) शिवाय बाईंच्या मजकुरातल्या अकरा ओळींवर पेन्सिलीची काट. ‘‘हे मी काढणार आहे, मग लिहायचं कशाला?’’ मी तो कागद तसाच बाईंना पाठवला. घोडचूक. दोन आठवडे त्यांचा फोन नाही.

मग एका रविवारी बाई एसटीनं स्वारगेटला उतरल्या आणि थेट खोलीवर आल्या. भांडायलाच आल्या होत्या, असं त्या आता कबूल करतात. चित्रकार म्हणाली, ‘‘बाई, वर्गात वाचता तशी वाचा.’’ बाईंनी वाचलं. शेळी दावं तोडून पळते तिथं त्या आपसूक थांबल्या, कारण तिथं पहिलीची पोरं मध्ये बोलतात. चित्रकारानं तिथंच पान तोडलं: शेळी उजव्या पानावरून अर्धी बाहेर, उरलेली पान उलटल्यावर. पान कुठं उलटायचं हे बाईंना वर्गातून ठाऊक होतं, फक्त त्यांना ते कुणी विचारलं नव्हतं. अकरांपैकी नऊ ओळी गेल्या. दोन बाईंनी सोडल्या नाहीत, आणि त्या दोन खरंच हव्या होत्या. तेव्हापासून लेखक आणि चित्रकार आमच्याकडे आधी एकत्र बसतात, मजकूर नंतर पक्का होतो.

पैशाचंही सांगतो. पूर्वी लेखकाला रॉयल्टी आणि चित्रकाराला एकरकमी देऊन मोकळं व्हायचो. आता छापील किमतीच्या दहा टक्क्यांत दोघं निम्मेनिम्मे. ऐंशी रुपयांच्या पुस्तकाच्या हजार प्रती खपल्या, तर प्रत्येकी चार हजार. चित्रकाराचे त्यात तीन महिने जातात! म्हणून तिला वेगळी आगाऊ रक्कम देतो, तरी ती जाहिरातींची कामं सोडू शकत नाही. बाईंना पगार आहे म्हणून बाई लिहितात.

चुकाही नवनव्या. रंगीत छपाईत प्रत्येक रंगाची छापायची प्लेट वेगळी. मजकूर फक्त काळ्या रंगाच्या प्लेटवर ठेवला, की दुसऱ्या भाषेतल्या आवृत्तीला तेवढी एकच प्लेट बदलावी लागते. एकदा चित्रकारानं ‘धप्प!’ चित्रातच चार रंगांत रंगवलं आणि ते हिंदी आवृत्ती करताना लक्षात आलं. हिंदीतही धप्पच, म्हणून वाचलो.

बाई लहानपणी ‘किशोर’ वाचून वाढल्या. बालभारतीनं तो १९७१ साली सुरू केला. त्यातली चित्रं आठवतात, गोष्टी तेवढ्या नाही, असं त्या हसत सांगतात.

आज आमची एकोणीस पुस्तकं आहेत. विसाव्यात एकही शब्द नाही. गोष्ट बाईंनी सुचवली, चित्रकारानं सगळ्याच ओळी खोडल्या. बाई म्हणतात, ‘‘माझं अक्षरही छापणार नाही, मग मला पैसे कसले?’’ चित्रकार म्हणते, नाव बाईंचंच आधी. करार टेबलावर तसाच पडलाय, ‘लेखक’ या शब्दापुढची जागा कोरी.