विधानसभेच्या गॅलरीतून पाहिलेलं सभागृह

नरिमन पॉइंटच्या विधान भवनात अधिवेशन बघायला मी आमदारांच्या शिफारशीवर पास काढला. मार्च 2025, अर्थसंकल्पी अधिवेशन. कार्यालयातले पीए म्हणाले, "दादा, आधारची झेरॉक्स ठेवून जा, साहेबांचं पत्र देतो." बरेच फोन केल्यावर पास हातात आला. गेटवर तपासणी, मोबाइल बाहेर ठेवायचा आणि गॅलरीत शांत बसायचं.

नागरिकशास्त्र शिकवणाऱ्या आमच्या सरांनी आधीच सांगितलं होतं, "आधी अध्यक्षांचं आसन शोध. त्यांच्या उजव्या हाताला सत्ताधारी, डाव्या हाताला विरोधक." समोरून बघताना बाजू उलट दिसतात, हे लक्षात ठेवलं की चित्र झटकन लागतं. पहिल्या रांगेत मंत्री आणि पक्षांचे गटनेते. पण माझी नजर खिळली ती प्रतोदांवर, म्हणजे आपल्या पक्षाच्या सदस्यांची हजेरी आणि मतं सांभाळणाऱ्यांवर. एक जण रांगेरांगेत वाकून सदस्यांच्या कानात काही सांगत होते, हातातल्या यादीवर खुणा करत होते, मध्येच लॉबीकडे धावत होते. मतदानाच्या वेळी आपली माणसं जागेवर असावीत याची चिंता त्यांची. टीव्हीवर हे काम कधीच दिसत नाही, आणि मला तर भाषणांपेक्षा तेच मोलाचं वाटलं.

2024 च्या निवडणुकीत 288 पैकी भाजप 132, शिवसेना 57 आणि राष्ट्रवादी 41. हे सत्ताधारी मिळून 230. विरोधकांत सर्वात मोठा पक्ष शिवसेना (ठाकरे), 20 जागांचा. विरोधी पक्षनेतेपदासाठी पक्षाकडे सभागृहाच्या एक दशांश म्हणजे 29 सदस्य हवेत, असा संकेत पुढे केला जातो आणि ते पद रिकामं राहतं. राज्याच्या 1978 च्या कायद्यात मात्र हा आकडा नाही. विरोधकांतला सर्वाधिक संख्येचा पक्ष आणि अध्यक्षांची मान्यता, एवढंच आहे. माझ्या मते हे पद भरायलाच हवं. त्याला कॅबिनेट मंत्र्याचा दर्जा आहे, आणि राज्य माहिती आयुक्त निवडणाऱ्या समितीत मुख्यमंत्र्यांबरोबर विरोधी पक्षनेता बसतो. 2005 च्या माहिती अधिकार कायद्याने तर तो नसल्यास विरोधातल्या सर्वात मोठ्या गटाच्या नेत्याला ती जागा दिली आहे, म्हणजे तिथे तरी विरोधकांची खुर्ची रिकामी ठेवायची नाही असं कायद्यानेच ठरवलंय.

जाणार असाल तर प्रश्नोत्तराच्या तासाचा पास मागा. मंत्री उत्तराला उभे राहतात, उपप्रश्नांवर विरोधक तुटून पडतात आणि अध्यक्ष कोणाला बोलू देतात तेही दिसतं.