वाईट दिसले की वाईट वाटले?

गेल्या श्रावणात, गोव्यातल्या फोंड्याच्या आमच्या घरामागचा मानकुरादाचा जुना आंबा एका रात्रीच्या वाऱ्यापावसात मुळासकट उन्मळून पडला आणि पडता पडता न्हाणीघराच्या कौलांचा एक कोपरा घेऊन गेला. शेजारच्या आक्का तेव्हा लेकीकडे होत्या. चवथीच्या आदल्या दिवशी त्या परतल्या, थेट आमच्या पायरीवर येऊन टेकल्या आणि म्हणाल्या, "तुमचो आंबो पडलो अशें आयकलें गे. म्हाका खूब वायट दिसलें." पुण्याहून आलेली माझी वहिनी तिथेच गणपतीवर टांगायच्या माटोळीची फळे निवडत बसली होती. आक्कांची पाठ वळताच तिने आवाज खाली आणून विचारले, "काय गं, वाईट काय दिसलं त्यांना? मागची मोडकी कौलं तर नव्हेत? उद्या माणसं येणार आहेत."

वहिनीचे काही चुकले नव्हते. जिथे मराठीत 'वाटते' म्हणतात तिथे कोकणीत 'दिसता' म्हणतात, एवढेच तिला ठाऊक नव्हते. 'म्हाका वायट दिसलें' म्हणजे मला वाईट वाटले, 'म्हाका भंय दिसता' म्हणजे मला भीती वाटते, आणि 'म्हाका दिसता पावस येतलो' म्हणजे पाऊस येईल असे मला वाटते. मी तिला हे सांगितले, ती हसली आणि विषय संपला. माझ्या डोक्यातून मात्र तो गेला नाही, कारण उच्च माध्यमिकच्या मुलांना मराठी शिकवताना ज्या एका प्रश्नाला मी वर्षानुवर्षे बगल देत आले, तोच या गमतीतून पुन्हा समोर आला होता.

प्रश्न असा, की निबंधात कोणी 'मला भीती आली' असे लिहिले की मी त्याखाली लाल रेघ मारते, पण का मारते हे मला सांगता येत नाही. राग येतो, कंटाळा येतो, किळस येते, कीव येते, मग भीतीनेच का येऊ नये? तिला 'वाटावे' लागते. लाज, अभिमान, आश्चर्य, खंत, कौतुक हीसुद्धा वाटतात. दुःख आणि पश्चात्ताप होतात, हुरहूर आणि ओढ लागतात, गर्व चढतो. शब्दकोश भावनेचे नाव देतो, पण त्या नावाशेजारी कोणते क्रियापद बसते ते बहुधा वाचकाला आधीच माहीत आहे असे गृहीत धरतो. आणि माझ्या मते शब्दाचा निम्मा अर्थ त्या क्रियापदात असतो. 'येणे' या क्रियापदाच्या गोतावळ्यात रागाबरोबर झोप, शिंक, घाम, ताप आणि चक्करही आहेत, म्हणजे न बोलावता अंगावर येणाऱ्या गोष्टी. 'लागणे' भूक आणि तहान यांचे, म्हणजे चिकटून राहणाऱ्या आणि भागवाव्या लागणाऱ्या गोष्टींचे. 'वाटणे' मात्र तिथे येते जिथे मनाने आधी काहीतरी ठरवलेले असते: समोरचे धोक्याचे आहे, आपले वागणे चारचौघांत शोभणारे नव्हते, मुलीने केले ते मोठे आहे. हा नियम नाही, कल आहे; 'किळस' दोन्हीकडे जाते आणि 'मजा' तर कुठेही जाते.

या सगळ्यांत माणूस 'मला' असतो, 'मी' नसतो, ही गोष्ट पाणिनीनेही संस्कृतसाठी नोंदवून ठेवली आहे. 'रुच्यर्थानां प्रीयमाणः' या सूत्राप्रमाणे ज्याला एखादी गोष्ट रुचते तो संप्रदान, म्हणजे ज्याला द्यायचे त्याच्या जागी, म्हणून चतुर्थीत: 'देवदत्ताय रोचते मोदकः'. 'मला मोदक आवडतो' या वाक्यातही कर्तेपण मोदकाकडेच आहे. (देवदत्त गोव्याचा असता तर सूत्राच्या उदाहरणात नेवरी, म्हणजे आमची करंजी, आली असती.) त्याच प्रकरणात भीतीचे कारण अपादान मानले आहे, म्हणजे ज्यापासून दूर व्हायचे ते, आणि ज्याच्यावर राग तो पुन्हा संप्रदान. भीती आणि राग यांतला फरक तिथे व्याख्येने नव्हे, विभक्तीने सांगितला आहे. मराठीत हे पडताळून पाहणे सोपे आहे. आपण कोणावर तरी रागावतो, चिडतो, रुसतो आणि प्रेमही कोणावर तरीच करतो. विश्वास आणि जीवसुद्धा 'वर'च असतात. उलट भीती, लाज, कंटाळा यांना 'वर' कधीच चालत नाही. रागाला आणि प्रेमाला मराठीने एकाच प्रत्ययाखाली ठेवावे, हे मला फार नेमके वाटते.

आता वहिनीच्या घोटाळ्याकडे परत येते. 'वाटणे' हे एकच क्रियापद मत आणि भावना या दोहोंसाठी का वापरले जाते? पोलंडमध्ये जन्मलेल्या आणि ऑस्ट्रेलियात काम केलेल्या आना व्हेझबित्स्का या भाषावैज्ञानिक विदुषीने 1972 पासून असा सिद्धांत मांडला, की प्रत्येक भाषेत काही अर्थकण सापडतातच आणि बाकीचे सगळे अर्थ त्यांतून उलगडता येतात. तेव्हा 14 असलेल्या त्या कणांची यादी पुढे 65 पर्यंत गेली. 'विचार करणे' आणि 'भावना जाणवणे' हे त्या यादीत दोन वेगळे कण आहेत. मराठीचे 'वाटते' आणि कोकणीचे 'दिसता' तिथे अडचण करतील असे मला सुरुवातीला वाटले होते. सिद्धांताचे उत्तर असे, की एका शब्दात दोन कण असायला हरकत नाही, वाक्यरचनेने ते वेगळे दिसले पाहिजेत. आणि ते खरोखरच दिसतात. 'आंबा पडला असे मला वाटले' यात आंबा उभाही असू शकतो. 'आंबा पडला याचे मला वाईट वाटले' यात तो पडलेलाच आहे. आणि 'वाईट वाटले नाही' असे म्हटले तरी तो पडलेलाच राहतो. नकार देऊनही जे नाकारले जात नाही, त्या गृहीतकावर पॉल आणि कॅरोल किपार्स्की या भाषावैज्ञानिकांचा 1970 चा निबंध प्रसिद्ध आहे. 'असे' आणि 'याचे' या दोन लहान शब्दांत मराठीने तो भेद स्वच्छ ठेवला आहे.

व्हेझबित्स्काबाईंचा आणखी एक आक्षेप मला पटतो. मानसशास्त्रज्ञ पॉल एकमन यांच्या सहा मूलभूत भावना जगभर सांगितल्या जातात, पण त्यांची नावे इंग्रजीची आहेत, आणि त्यांतल्या 'डिसगस्ट'ला, म्हणजे किळसेला, पोलिशमध्ये नेमका जोडशब्द नाही, असे त्यांनी दाखवून दिले. मराठीत तर एकाऐवजी चार आहेत. पालीची किळस येते, नासलेल्या माशाने शिसारी येते, खोटे बोलणाऱ्याचा तिटकारा येतो आणि वीट मात्र चांगल्या गोष्टीचाही येतो. मे महिन्याच्या शेवटी आमच्या घरात आंब्याचा येत असे.

त्यांच्या पद्धतीने मी वर्गात 'हेवा' उलगडून पाहिला. या माणसाकडे काही चांगले आहे. ते माझ्याकडे नाही. ते माझ्याकडेही असावे असे मला वाटते. 'मत्सर' लिहिताना शेवटची ओळ बदलावी लागली: ते त्याच्याकडे नसावे असे मला वाटते. एका मुलीने लगेच विचारले, म्हणूनच का आपण 'मला तुझा हेवा वाटतो' असे तोंडावर हसून म्हणू शकतो आणि मत्सराचे कोणी म्हणत नाही? त्या दिवशी तास मी तिथेच संपवला.

भरताच्या नाट्यशास्त्राने आठ स्थायी, म्हणजे टिकून राहणारे, आणि तेहतीस व्यभिचारी, म्हणजे येणारे-जाणारे, भाव मोजले. तेहतिसांत असूया आहे, लाज आहे, झोप आहे, आळस आहे, आणि मती व वितर्कही आहेत. तर्क करणे हासुद्धा तिथे मनाचा एक भाव आहे. 'वाटणे'त दोन्ही नांदतात याचे मग फारसे नवल उरत नाही. (सौदाद, म्हणजे हुरहूर लावणारी आठवण, आणि सुशेगाद, म्हणजे निवांतपणा, यांच्याविषयी मी मुद्दाम लिहीत नाही. गोव्यातल्या भावनांचे नाव काढले की तेवढेच दोन शब्द पुढे केले जातात, आणि मला त्याचा वीट आला आहे.)

विसर्जन झाल्यावर आक्कांनी त्यांच्याकडचे मानकुरादाचे कलम आणून दिले. पडलेल्या आंब्याच्या खड्ड्यापासून चार हात सोडून आम्ही ते लावले. माती दाबताना त्यांनी वहिनीलाच विचारले, "तुका कितें दिसता गे, जगतलें?"

वहिनीने माझ्याकडे पाहिलेही नाही. "जगेल असं वाटतंय," ती म्हणाली.