ग्रामपंचायतीचा कॉम्प्युटर हॅक झाला तर फोन कुणाला करायचा?

कोयनेतून पाणी सोडायच्या आधी सांगलीत कळतं. किती क्युसेक सोडणार, कृष्णेवरच्या आयर्विन पुलाला पाणी आत्ता किती फूट, ४० फूट इशारा पातळी, ४५ ला धोका, हे आमच्याकडं शाळेतली पोरंपण सांगतात. २००५ आणि २०१९ च्या महापुरानं शिकवलंय ते. पाटबंधारे, कलेक्टर ऑफिस, महापालिका, गावचा तलाठी, सगळ्यांचे फोन एकमेकांना लागतात. सायबरच्या बाबतीत अशी साखळी गावापर्यंत पोचलेलीच नाही आणि मला याची मनापासून काळजी वाटते.

मागं इकडच्याच एका ग्रामपंचायतीत कामासाठी गेलो होतो, गावाचं नाव घेत नाही. वित्त आयोगाचे पैसे ई-ग्रामस्वराज या सरकारी पोर्टलवरनं काढायचे तर सरपंच आणि ग्रामसेवक दोघांच्या डिजिटल सह्या लागतात. त्या सह्यांचे पेनड्राइव्हसारखे दोन्ही डोंगल कॉम्प्युटर ऑपरेटरच्या ड्रॉवरमध्ये, रबर बँड लावून एकत्र, आणि पिन वहीच्या शेवटच्या पानावर पेनानं लिहिलेले. त्या पोराला मी अजिबात दोष देणार नाही, सरपंच रानात, ग्रामसेवकांकडं दुसऱ्या गावाचापण चार्ज, आणि बिल तर आजच टाकायचंय, मग तो दुसरं करणार काय? पण दोन सह्या ठेवल्या त्या एकानं दुसऱ्यावर लक्ष ठेवावं म्हणून, त्या एकाच ड्रॉवरमध्ये आल्या की संपलंच की सगळं.

नियम आहेत, नाहीत असं नाही. सर्ट-इन म्हणजे केंद्र सरकारची सायबर सुरक्षेची यंत्रणा, तिनं २८ एप्रिल २०२२ ला आदेश काढला, सायबर हल्ला लक्षात आला की ६ तासांत कळवायचं, लॉग, म्हणजे कॉम्प्युटरवर कधी काय झालं याच्या नोंदी, १८० दिवस जपायच्या, आणि तो सरकारी ऑफिसांनापण लागू आहे. आता समजा सकाळी कॉम्प्युटर चालू केला आणि स्क्रीनवर पैसे मागणारा मेसेज. ऑपरेटर फोन करणार पंचायत समितीला, ते म्हणणार झेडपीला विचारा, झेडपी म्हणणार एनआयसीला, म्हणजे सरकारचं कॉम्प्युटरचं काम बघणाऱ्या केंद्राच्या संस्थेला विचारा, मग कुणीतरी म्हणणार पोलिसांत जा. यात ६ तास कधीच गेले, आणि तोवर गावातल्या कुणीतरी हुशारानं पीसी फॉरमॅट मारून दिलेला असतो, म्हणजे पुरावापण गेला. सामान्य माणसाचे पैसे गेले तर १९३० ला फोन करायचा हे आता बऱ्याच जणांना माहीत झालंय, पण ऑफिसातल्यांनी कुणाला करायचा?

अमेरिकेत टेक्सासमध्ये ऑगस्ट २०१९ ला, म्हणजे आम्ही इकडं पुराचा चिखल काढत होतो त्याच महिन्यात, वीसपेक्षा जास्त छोट्या गावांच्या ऑफिसांवर एकाच दिवशी रॅन्समवेअर, म्हणजे फायलींना कुलूप लावून पैसे मागणारा व्हायरस, पडलं. हल्लेखोरांनी सगळ्यांकडनं मिळून २५ लाख डॉलर मागितलेले. राज्य सरकारनं त्याच दिवशी सूत्रं हातात घेतली, कोण काय करणार हे आधीच ठरलेलं आणि त्याचा सरावपण झालेला, त्यामुळं काही आठवड्यांत गावांची कामं परत सुरू झाली. पुढं २०२१ च्या कायद्यात तिथं राज्यं आणि स्थानिक संस्थांच्या सायबर सुरक्षेसाठी चार वर्षांत १०० कोटी डॉलर ठेवले आणि त्यातला किमान ८० टक्के वाटा खाली स्थानिक संस्थांपर्यंत गेलाच पाहिजे अशी अट घातली. ही अट मला सगळ्यात आवडली.

आपल्याकडं महाराष्ट्र सायबर ही राज्याची यंत्रणा आहे, जिल्ह्याला सायबर पोलीस ठाणं आहे, माणसंपण चांगली आहेत. अडतंय ते जिल्ह्याच्या खाली. झेडपीत या कामासाठी एक माणूस नेमा, त्याचा मोबाईल नंबर प्रत्येक ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लावा, वरून येणारा इशारा साध्या मराठीत आणि त्याच दिवशी ऑपरेटरपर्यंत जाऊ दे. आणि घरपट्टी-पाणीपट्टीचं सॉफ्टवेअर बाहेरच्या कंपनीचं असेल तर करारात स्पष्ट लिहून घ्या की गडबड झाली की ते कुणाला, किती तासांत सांगणार आणि बॅकअप कुठं ठेवणार, कारण टेक्सासमध्ये हल्लेखोर आत शिरले ते गावांचं आयटी सांभाळणाऱ्या बाहेरच्या कंपनीतूनच. पुढच्या ग्रामसभेत हा करार बघायला मागा, तो हक्क आहे आपला.